सूर्यभानचा उजवा हात

सूर्यभानचा हात नामांतराच्या दंगलीत गेला, असं गंगाखेडात अजून काही लोक सांगतात. ऐकणाऱ्याला पटतंही, कारण दिवस तोच होता. मी भुजंग, घरं रंगवणारा माणूस, दहा वर्षं त्याचा भागीदार. मी स्वतः असं कधी म्हटलं नाही, पण म्हणणाऱ्याला कधी टोकलंही नाही. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

आज सांगून टाकतो. हात गेला तो रंगाच्या मशीननं, आणि ते मशीन मी निवडलं होतं.

आम्ही भेटलो ते परळी रोडवरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपात. ऊस वाहायच्या ट्रॉल्यांना कॉम्प्रेसरच्या गननं रंग मारायचा, हे आमचं काम. सूर्यभान अठ्ठ्याहत्तर साली गंगाखेडात आला होता. त्या साली नामांतराच्या वादात त्याच्या गावात बौद्धांची घरं जाळली, त्यात त्याचंही होतं. गावाचं नाव तो काढत नसे आणि मी विचारत नसे. पुढं वर्कशॉप सोडून आम्ही घरांची कामं घेऊ लागलो. तो मला 'भुजंगराव, तुमी' म्हणायचा, मी त्याला 'सूर्या, तू'. वयानं तो मोठा होता. हे मला खटकायला फार वर्षं लागली.

भिंती मी त्याच्या बरोबरीनं रंगवायचो, पण अक्षर त्याचं. पेन्सिलीची रेघसुद्धा न मारता तो दुकानाची पाटी लिहायला घ्यायचा आणि शेवटचं अक्षर बरोबर शेवटच्या वितीत बसायचं. देवगाव फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं त्याला गाडीभाडं देऊन बोलावून नेलं होतं. मला कोणी तालुक्याबाहेर बोलावलं नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, पण त्याच्या पाट्यांमुळंच आम्हाला घरांची कामं मिळायची, त्यामुळं हेवा मी आवरून धरला होता. घरी त्याची बायको मनकर्णा आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली होत्या. सगळं घर त्या उजव्या हातावर चालायचं.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर साखर कारखान्याचं गोदाम पुण्याच्या एका ठेकेदारानं रंगवलं. काम संपल्यावर सामान परत न्यायचं त्याच्या जिवावर आलं. एक कॉम्प्रेसर होता आणि एक एअरलेस मशीन. दोन्हीतलं एक आम्हाला मिळत होतं.

"कॉम्प्रेसर घ्या भुजंगराव," सूर्यभान म्हणाला. "हातातलं हत्यार हाय आपल्या. ह्ये दुसरं आपल्याला मालूम न्हाई."

मला एअरलेसच हवं होतं. कॉम्प्रेसरची गन हवेबरोबर रंग उडवते. त्याचं धुकं होतं. अर्धा रंग भिंतीवर बसतो आणि अर्धा घरमालकाच्या भांड्यांवर नि आमच्या छातीत. ट्रॉलीला ते चालतं, घरात चालत नाही. एअरलेसमध्ये हवेचं काम नाही. नळी बादलीत सोडायची, पंप रंगालाच दाबतो आणि नोझलच्या बारीक फटीतून तो पंख्यासारखा पसरून निघतो. ब्रशला दिवसभर पुरणारी भिंत अर्ध्या तासात उरकते. मी ते गोदामात पाहिलं होतं आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत.

मशीन चालवणारा निजामाबादकडचा एक माणूस होता. दाब कसा सोडायचा, गनच्या घोड्याला खटका कसा लावायचा, सगळं त्यानं मला दाखवलं. मग त्यानं एक फाटकी चप्पल फरशीवर ठेवली, नोझल तिला टेकवलं आणि घोडा दाबला. रंग तळातून आरपार निघाला. "सुई है ये," तो म्हणाला. "सुई से भी खराब. उंगली सामने नक्को. अंदर गया तो बाहर नहीं आता." सूर्यभान त्या वेळी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला दारावर 'धूम्रपान मनाई' लिहीत होता.

मी त्याला चपलेचं सांगितलं नाही. विसरलो असं नाही, सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा म्हणाला असता, कॉम्प्रेसरच घ्या. नोझलच्या तोंडाशी बोट जाऊ नये म्हणून एक पिवळं प्लॅस्टिकचं कडं होतं. त्यावर रंग साचून थेंब गळायचे आणि कोपऱ्यात गन घुसायची नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी ते काढून टाकलं.

डिसेंबरात आम्ही तीन घरं उरकली. लोक मशीन बघायला दारात उभे राहायचे. सूर्यभानही एकदा म्हणाला, "मानलं भुजंगराव, चीज लय भारी हाय." मला आभाळ ठेंगणं झालं.

जानेवारीत दिनकररावांचं घर आलं. दिनकरराव पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. त्यांच्या मुलाला सोयरीक आली होती. पौष असल्यामुळं बोलणी नको, पण रविवारी मुलीकडची मंडळी 'सहज घर बघून जातो' म्हणाली होती. ते सहज किती असतं ते मुलाच्या आईला विचारावं. कमलबाईंनी, म्हणजे दिनकररावांच्या बायकोनं, बैठकीला पिस्ता रंगाचा ऑइलपेंट ठरवला होता आणि रविवारच्या आत वास गेला पाहिजे म्हणून रोज चार वेळा बजावत होत्या.

शुक्रवारी संक्रांत होती. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय आज होणार, असं गावात सकाळपासून बोललं जात होतं. बाजारात माणसं घोळक्यानं उभी होती, पण एका घोळक्यातली दुसऱ्यात जात नव्हती. सूर्यभान नेहमीसारखा आठला आला. कमलबाईंनी दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्याच्या हातावर थोडा वरून टाकला, तेही नेहमीसारखंच.

अकराच्या सुमाराला बैठकीची दुसरी भिंत अर्धी झाली होती. गन माझ्या हातात होती. रंगाचा पंखा फाटायला लागला, मधेच रेघ सुटायला लागली आणि मग रंग यायचाच थांबला. बादलीतल्या रंगावर साय धरली होती, तिचा तुकडा नोझलमध्ये अडकला होता. रंग फडक्यातून गाळून घ्यायचं काम माझं होतं आणि मी घाईत ते केलं नव्हतं.

इथं ट्रॉलीच्या वर्कशॉपातली आमची सवय सांगायला हवी. कॉम्प्रेसरच्या गनमध्ये कचरा अडकला की एकानं नोझलवर बोट दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं घोडा दाबायचा. तोंड बंद झालं की हवा उलटी फिरते, डब्यात बुडबुडे येतात आणि कचरा मागं जातो. बोटाला थंड वाटतं, बाकी काही नाही. एका दिवसात दहादा करायचो आम्ही ते. त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अडकलं," मी म्हणालो.

"थांबा, फुकून काढू." हातातला पॉलिश पेपर खाली ठेवून सूर्यभान आला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट त्यानं नोझलवर ठेवलं, नीट दाबून धरलं आणि म्हणाला, "दाबा."

मी दाबलं.

चप्पल मी पाहिली होती. उंगली नक्को हे मी ऐकलं होतं. तरी त्यानं दाबा म्हटलं आणि मी दाबलं. हे मी हजारदा मनात घोळवलं आहे आणि अजूनही मला समजत नाही की त्या वेळी माझं डोकं कुठं होतं. कुठंच नव्हतं. दहा वर्षं तो दाबा म्हणायचा आणि मी दाबायचो.

सूर्यभाननं बोट झटकलं. "चावलं काय तरी," तो म्हणाला. बोटाच्या पेरावर टाचणी टोचल्याएवढं भोक होतं, त्याला पिस्ता रंगाची कड होती. रक्ताचा थेंब नाही. त्यानं बोट दाबलं तर आतून इवलासा रंग आला. तो हसायला लागला. "बगा, माज्या आंगातबी ऑइलपेंट." कमलबाईंनी वाटीत हळद आणून उंबऱ्यावर ठेवली.

मला हसू आलं नाही. मीच म्हणालो, दवाखान्यात चल. एवढं मी केलं, ते सांगतो, कारण सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

डॉक्टरांनी बोट उलटसुलट पाहिलं. "काय लागलं?"

"मशीनच्या नळीची तार टोचली," मी म्हणालो. त्यानं तोंड उघडायच्या आत म्हणालो.

सूर्यभाननं माझ्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "व्हय साहेब. तार."

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, जखम कोरडी ठेवा म्हणाले. तार टोचलेल्या माणसाला कोणीही दुसरं काय देणार? त्यांचा काही दोष नाही.

खोटं का बोललो? पुढं मी पुष्कळ कारणं जुळवली. काम थांबलं असतं. मशीन धोक्याचं आहे असं गावभर झालं असतं. आणि आजच्या दिवशी, माझ्यासारख्या मराठ्याच्या हातून बौद्धाला इजा झाली म्हटल्यावर गावात कोण काय पेटवील याचा नेम नव्हता. कारणं सगळी बरी आहेत. पण त्या खोलीत मी फक्त भ्यालो होतो. शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही.

दुपारभर तो डाव्या हातानं दारं घासत बसला. चारच्या सुमाराला बोट वांग्यासारखं टणक झालं आणि पांढरं पडलं. "ठणकायलंय," तो म्हणाला. मी म्हणालो, "इंजेक्शनचं असतं तसं."

संध्याकाळी दिनकररावांच्या रेडिओवर बातमी लागली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. दिनकररावांनी रेडिओ बंद केला आणि ते आत गेले. सूर्यभान दारं घासायचा थांबला. डोळे भरून आले होते त्याचे. "सोळा वर्सं, भुजंगराव," एवढंच म्हणाला. मग सुजलेला हात काखेत धरून तो वस्तीकडं निघाला. वस्तीत हलगी वाजायला लागली होती. मी त्याला पोचवायला गेलो नाही.

शनिवारी गावात दगडफेक झाली. एसटी बंद, बाजार बंद. सूर्यभान कामावर आला नाही आणि मला आतून बरं वाटलं, कारण त्याचा हात बघावा लागला नाही. मी एकटाच बैठक पुरी करत होतो. दुपारी मनकर्णा दिनकररावांच्या फाटकाशी आली. अशा दिवशी बाई एवढं गाव ओलांडून आली होती.

"भाऊ, हात कोपरापोतर सुजलाय. त्यायला झोप न्हाई, पाणी जायलं न्हाई. येऊन बगा जरा."

"गाड्या बंद हायत वहिनी," मी शिडीवरून म्हणालो. "उद्या बघू."

ती परत गेली. मी भिंतीचा शेवटचा पट्टा मारत असताना परभणीकडं जाणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी ऐकू आली. रेल्वे चालू होती. मला ते सकाळपासून माहीत होतं.

रविवारी पाहुणे यायच्या आधी मी वस्तीत गेलो. बोट काळं पडलं होतं आणि खोलीत वास येत होता. मग मात्र मी धावाधाव केली. पॅसेंजरनं परभणी, तिथल्या डॉक्टरांनी हात पाहताच औरंगाबादला नेण्याची चिठ्ठी दिली. सोमवारी पहाटे आम्ही तिथं पोचलो. तापानं फणफणलेल्या सूर्यभानला डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं?

"रंगाचं मशीन हाय साहेब. एअरलेस," तो म्हणाला. "बोट लावलं आन् म्याच दाबलं."

मी खाटेच्या पायाशी उभा होतो. त्याचं बोलणं मी खोडलं नाही.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तरुण होते, चिडलेले होते. बंदुकीच्या गोळीसारखं समजा, ते म्हणाले. भोक बाहेरून टाचणीएवढं दिसतं, पण रंग आणि टर्पेंटाइन शिरांच्या बाजूनं पार तळव्यात जाऊन मांस कुजवतं. पहिल्या सहा तासांत बोट उघडून धुतलं असतं तर हात राहिला असता. पहिल्या डॉक्टरला मशीनचं सांगितलं नव्हतं का?

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

बुधवारी त्यांनी हात मनगटाच्या वरून काढला.

मी मशीन बंद करून ठेवलं आणि पुन्हा ब्रश हातात घेतला. गावात बोलणं सुरू झालं. कोणी म्हणायचं दंगलीत गेला, कोणी म्हणायचं गाड्या बंद होत्या म्हणून गेला, आणि चावडीवर बसणारे काही हलकट हसत म्हणायचे, नाव घेतलं, हात दिला. मी ऐकून घ्यायचो. गाड्या बंद होत्या हे तर मी स्वतःच चारचौघांत सांगायचो. सूर्यभानला कोणी विचारलं तर तो एकच सांगायचा, म्याच दाबलं.

मार्च संपता संपता एका दुपारी मी त्याच्याकडं गेलो. मधल्या दोन महिन्यांत दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा पाच मिनिटं बसून उठलो होतो. या वेळी मनकर्णा दारातच ज्वारी निवडत बसली होती. आत सूर्यभान जेवायला बसलेला दिसला. ताटासमोर डावा हात घेऊन तो भाकरीशी झगडत होता. तुकडा तुटायचा नाही, ताट फरशीवर सरकत जायचं.

"जेवण चाललंय वाटतं," मी म्हणालो.

"आदी त्यायचं त्यायला करू देते. जमलं न्हाई की मी भरवते." तिनं सूप खाली ठेवलं. "दोन महिने झाले भाऊ. डाव्या हातानं भाकर मोडता येत न्हाई त्यायला. कपबशी धरली तर सांडती. आन् म्हणत्यात, उजवं बोट नोझलवर ठुलं, डाव्या हातानं ती बंदूक धरली आन् घोडा म्याच दाबला."

तिनं सुपातली ज्वारी हातानं पसरली.

"कुणी दाबला?"

आतला ताटाचा आवाज थांबला होता. तो ऐकत होता. पळून जायला रस्ता होता, माझ्या पाठीमागंच होता.

"मी," मी म्हणालो. "त्यानं दाबा म्हटलं आणि मी दाबला. मला माहीत होतं वहिनी. बोट लावायचं नसतं हे मला सांगितलेलं होतं."

मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती ज्वारीतले खडे बोटानं बाजूला करत राहिली. "मला त्यायनी इचारू दिलं न्हाई," ती म्हणाली. "म्हणले, त्या दिशी भुजंगरावाचं नाव निगालं असतं तर आपल्यातली पोरं त्याच्या दारात गेली असती, आन् मंग त्याची माणसं वस्तीत आली असती. तुमच्यासाठी न्हाई केलं त्यायनी. माज्या पोरींसाठी केलं."

मी मान हलवली. हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मला वाटत होतं, तो माझ्यावरच्या मायेनं झाकतोय.

"तार टोचली म्हणून तुमीच सांगितलं ना डागदरला?"

"हो."

"मंग येकच सांगा." आता तिनं वर पाहिलं. "तितंच खरं सांगितलं असतं, तर हात ऱ्हायला असता का?"

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. डॉक्टर काय म्हणाले ते फक्त मी ऐकलं होतं. तिच्या तोंडाकडं बघून समजत होतं की तिला तेच उत्तर हवं आहे, म्हणजे ती आज रात्री झोपू शकेल. पण आत तो भाकरीचा अर्धा तुकडा हातात धरून माझ्या बोलण्याची वाट बघत होता.

"राहिला असता," मी म्हणालो.

मग आतून सूर्यभानचा आवाज आला, तिला उद्देशून. "ये गं. मला जमंना झालंय."

मनकर्णा उठली, पदराला हात पुसले आणि आत जाऊन त्याला भरवू लागली. मी दारातच उभा राहिलो.